व्यसन लावणारे पदार्थ आणि उंदरांच्या मेंदूतील पेशी : संशोधनासाठी अनुदान कसे मागावे

व्यसन लावणारे पदार्थ मेंदूतील पेशींवर नेमका काय परिणाम करतात, हे उंदरांमध्ये तपासण्यासाठी अनुदान मागणाऱ्याला दोन शंकांचे निरसन एकाच अर्जात करावे लागते. पहिली शंका परीक्षक शास्त्रज्ञांची असते : पेशीत दिसणारा बदल त्या पदार्थामुळेच झाला, हे कशावरून? दुसरी शंका पैसे देणाऱ्या संस्थेची, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या करदात्याची असते : उंदराच्या मेंदूतील या बदलावरून माणसाच्या व्यसनाबद्दल काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही? बहुतेक अर्जदार दुसऱ्या शंकेला मोठमोठ्या आश्वासनांनी उत्तर देतात आणि पहिलीकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. प्रयोगाची मांडणी इतकी काटेकोर असावी की आश्वासन देण्याची गरजच उरू नये.

सुरुवात पदार्थाच्या निवडीपासून करावी. या क्षेत्रातील परदेशी साहित्य कोकेनभोवती फिरत असल्यामुळे आपल्याकडचे नवे संशोधकही नकळत कोकेनच निवडतात. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या मदतीने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात आणि त्यांतले बहुसंख्य ती ओढत नाहीत, तर खातात, चघळतात किंवा मिश्रीच्या रूपाने दातांना लावतात. त्यामुळे निकोटीन, दारू किंवा अफूवर्गीय औषधे यांपैकी एक निवडली, तर प्रस्तावाचे समर्थन पहिल्याच परिच्छेदात आणि खऱ्या आकड्यांनी होते. पुढील विवेचनासाठी एक उदाहरण धरू : पौगंडावस्थेत मिळालेल्या निकोटीनमुळे विस्टार (प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका वाणाच्या) उंदरांच्या मध्यमेंदूतील डोपामिन पेशींवरच्या, म्हणजे सुखानुभवाशी निगडित डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवरच्या, चेतासंधी (दोन चेतापेशींमधील संदेशवहनाचे जोड) प्रौढपणीही बदललेल्या राहतात का?

हा प्रश्न मुद्दाम लहान ठेवला आहे. ‘निकोटीनचा मेंदूवरील परिणाम अभ्यासणे’ हे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे येऊच शकत नाही. उद्दिष्टात पेशींचा प्रकार, मेंदूतील जागा, मोजायची राशी, वय आणि कालावधी या गोष्टी आल्या पाहिजेत. एका अर्जात दोन, फार तर तीन उद्दिष्टे असावीत, आणि दुसरे उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर पूर्णपणे अवलंबून नसावे. पहिल्यात फरक न आढळल्यास पुढचा सारा प्रकल्प कोसळणार असेल, तर अनुभवी परीक्षक तेवढ्या एका कारणासाठी गुण कापतो.

पार्श्वभूमी लिहिताना १९५४ मध्ये मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी पाहिलेल्या, मेंदूला विजेचे उद्दीपन मिळावे म्हणून पुन्हा पुन्हा खटका दाबणाऱ्या उंदरांपासून आरंभ करण्याची प्रथा आहे. ती पाळायला हरकत नाही, पण त्यावर एका वाक्यापेक्षा जास्त जागा खर्च करू नये. आपल्या प्रश्नाला थेट भिडणाऱ्या कामावर जागा खर्च करावी. आपल्या उदाहरणापुरते बोलायचे तर अँटोनेलो बोंची आणि रॉबर्ट मालेंका यांच्या गटांनी केलेले दोन अभ्यास निर्णायक आहेत. २००१ मध्ये त्यांनी दाखवले की लहान उंदरांना कोकेनचे एकच इंजेक्शन दिले, तरी मध्यमेंदूतील डोपामिन पेशींवरच्या उत्तेजक चेतासंधी बळावतात; हा बदल पाच दिवसांनंतरही दिसतो आणि दहा दिवसांनंतर दिसत नाही. २००३ मध्ये असेच बळावणे ॲम्फेटामिन, मॉर्फिन, निकोटीन आणि दारू यांनीही होते, असे आढळले. मात्र त्याच अभ्यासात थंड पाण्यात पोहायला लावलेल्या, म्हणजे केवळ तणाव दिलेल्या उंदरांतही तोच बदल दिसला.

शेवटच्या वाक्यावर अर्जदाराने थांबून विचार करावा, कारण पहिल्या शंकेचे मूळ तिथेच आहे. उंदराला पकडणे, उलटे धरणे, सुई टोचणे, अनोळखी खोलीत नेणे या प्रत्येक गोष्टीने ताण येतो, आणि त्या ताणाची खूण आपण मोजणार असलेल्या राशीतच उमटते. म्हणून ‘नियंत्रण गटाला सलाइन दिले जाईल’ एवढे एक वाक्य पुरत नाही. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी किती दिवस प्राण्यांना हाताळण्याची सवय लावली जाईल, दिवसाच्या कोणत्या वेळी मात्रा दिली जाईल, आणि इंजेक्शन न देता केवळ हाताळलेला तिसरा गट असेल का, हे स्पष्ट लिहावे. या तिसऱ्या गटामुळे खर्च वाढतो, पण परीक्षकाचा सर्वांत अवघड आक्षेप त्याने लिहिण्याआधीच निकालात निघतो.

मात्रेबाबतही असाच काटेकोरपणा हवा. निकोटीन बहुधा टार्ट्रेट क्षाराच्या रूपात विकत मिळते आणि त्या क्षाराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भागच शुद्ध निकोटीन असतो. ‘०.४ मिलिग्रॅम प्रति किलो’ असे लिहून ती मात्रा क्षाराची की शुद्ध निकोटीनची, हे सांगितले नाही, तर वाचणाऱ्याला तिप्पट फरकाचा घोळ दिसतो. शिवाय या क्षाराचे द्रावण आम्लधर्मी असते आणि उदासीन केल्याशिवाय टोचल्यास प्राण्याला वेदना होतात. त्यामुळे द्रावणाचा सामू (पीएच) ७.४ पर्यंत आणला जाईल, ही ओळ अर्जात असलीच पाहिजे. ती नसेल, तर अर्जदाराने हे काम कधी केलेले नाही, असे परीक्षक समजतो.

आता प्राण्यांच्या संख्येकडे वळू. परीक्षकाच्या मनातला निर्णय मला वाटते याच ठिकाणी होतो, आणि अर्जदार नेमका इथेच घाई करतात. पॅच क्लॅम्प पद्धतीने, म्हणजे एकेका पेशीतील विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीने, एका उंदराच्या मेंदूच्या कापांतून अनेक पेशींच्या नोंदी मिळतात. सहा उंदरांतून दहा-दहा पेशी नोंदवल्या आणि विश्लेषणात नमुना ६० धरला, तर ती संख्याशास्त्रीय चूक ठरते, कारण एकाच उंदराच्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. मात्रा पेशीला नव्हे, उंदराला दिली होती. एकक प्राणी हेच राहील आणि एका प्राण्याच्या अनेक पेशींचा हिशेब बहुस्तरीय प्रतिमानाने (प्राणी आणि पेशी हे दोन स्तर वेगळे धरणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने) घेतला जाईल, असे स्पष्ट लिहावे. दोन गटांच्या सरासरीतील अपेक्षित फरक एका प्रमाण विचलनाएवढा असेल, तर ५ टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के शक्ती (फरक खरा असल्यास तो पकडला जाण्याची शक्यता) यांसाठी प्रत्येक गटात १७ प्राणी लागतात. नर आणि माद्या समान ठेवायच्या तर ९ अधिक ९, म्हणजे १८ घ्यावेत. पेशींच्या नोंदींसाठी निकोटीन, सलाइन आणि केवळ हाताळलेले असे तीन गट धरल्यास ५४ प्राणी होतात. जागेची पसंती, म्हणजे पदार्थ जिथे मिळाला त्या जागेकडे प्राणी वळतो का हे, तपासणाऱ्या वर्तनचाचणीसाठी दोन गटांचे ३६. एकूण ९०, आणि कापांची प्रत बिघडणे वगैरे कारणांनी होणाऱ्या नुकसानीसाठी १० टक्के धरून ९९. हे गणित याच क्रमाने अर्जात मांडावे. पिल्ले वापरायची असल्याने एकाच वीणीतील एकाहून जास्त नर किंवा एकाहून जास्त मादी एका गटात जाणार नाही, हेही नमूद करावे. नाहीतर गटांतला फरक निकोटीनचा की आईचा, हे ओळखता येणार नाही.

हाच मजकूर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढेही जातो, त्यामुळे दोन्हीकडे आकडे तंतोतंत सारखे असावेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समितीकडे, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईए आणि आताच्या सीसीएसईएकडे, संस्थेच्या पशुगृहाची नोंदणी असावी लागते. उंदरांवरील प्रयोगांना संस्थास्तरीय समिती मान्यता देऊ शकते. तिच्यात केंद्रीय समितीचे नामनिर्देशित सदस्य, पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेतील शास्त्रज्ञ आणि शास्त्रज्ञ नसलेली, सामाजिक भान असलेली एक व्यक्ती बसते. ‘फॉर्म बी’ हा या मान्यतेचा अर्ज भरताना त्या शेवटच्या सदस्याला समजेल, अशा मराठीत किंवा इंग्रजीत लिहावे. प्राण्यांऐवजी पेशींच्या वाढसंवर्धनावर काम का भागणार नाही, किती वजन घटल्यास प्राणी प्रयोगातून काढला जाईल, आणि शेवटी भूल कशी दिली जाईल, ही तीन उत्तरे आधीच तयार असावीत. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. अनुदानाच्या आवाहनाची वाट न पाहता प्रस्ताव तिच्याकडे लवकर पाठवावा, म्हणजे अनुदान मंजूर झाल्यावर पैसे अडकून पडण्याची वेळ येत नाही.

निकोटीन निवडल्याचा एक व्यावहारिक फायदा असा की ते १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत येत नाही. मॉर्फिन किंवा कोकेन यांवर काम करायचे असेल, तर हा कायदा शास्त्रीय उपयोगाला वाव देतो, पण परवाना, साठ्याची नोंदवही आणि कुलूपबंद कपाट यांशिवाय नाही. मॉर्फिन देशातच, गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत तयार होते. कोकेन आयात करायचे तर ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या प्रमाणपत्राची गरज पडते. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक २०१८ मध्ये या कायद्याखाली आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या एखाद्या प्रकल्पाची कार्यपद्धती जशीच्या तशी उतरवणे धोक्याचे आहे. दारूवरील प्रयोगांसाठी लागणाऱ्या शुद्ध अल्कोहोललाही महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. या परवानग्यांसाठी वेळापत्रकात पहिल्या वर्षातील काही महिने मोकळे ठेवावेत आणि तसे लिहावे. परीक्षकाला त्यात आळस दिसत नाही, जाण दिसते.

अंदाजपत्रकात सर्वांत आधी माणसाचा खर्च मांडावा. जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार कनिष्ठ संशोधक छात्राला दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये मिळतात. दोन वर्षे कनिष्ठ आणि तिसरे वर्ष वरिष्ठ धरल्यास शहराच्या वर्गानुसार मिळणारा घरभाडे भत्ता वगळून १३,९२,००० रुपये होतात. प्राण्यांची किंमत सर्वजण लिहितात, पण त्यांच्या दैनंदिन देखभालीचा खर्च, म्हणजे खाद्य, भुसा आणि पिंजऱ्यांची सफाई, अनेकांच्या अर्जात नसतो आणि दुसऱ्या वर्षी तोच भारी पडतो. पॅच क्लॅम्पची संपूर्ण यंत्रणा एका लहान अनुदानातून मागणे मला योग्य वाटत नाही. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर इतर संस्थांतील उपकरणे शोधता येतात. तिथल्या प्रयोगशाळेचे संमतिपत्र आणि वापराचे शुल्क जोडल्यास अर्ज अधिक विश्वसनीय होतो. महाराष्ट्रात या विषयाची परंपराही आहे : कोकेन आणि ॲम्फेटामिन दिल्यावर उंदरांच्या मेंदूत वाढणारा ‘कार्ट’ हा घटक १९९५ मध्ये समोर आला, आणि उंदरांच्या सुखानुभवाशी संबंधित वर्तनातील त्याच्या भूमिकेवर नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात आणि पुण्याच्या आयसरमध्ये सविस्तर काम झाले आहे. सहकार्यासाठी दूर पाहण्यापूर्वी जवळ विचारावे.

पैसे कोठे मागावेत, हे अर्जदाराच्या वयावर आणि पदावर अवलंबून आहे. पूर्वीच्या एसईआरबीची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा घेणारे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान मूलभूत प्रश्नांना पोषक आहे आणि नव्या प्राध्यापकांसाठी तिथे वेगळी योजना असते. आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) जाताना आरोग्याशी असलेला दुवा अधिक ठळक हवा, तर डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि वेलकम (ब्रिटनमधील संशोधन न्यास) यांच्या इंडिया अलायन्सकडे व्यक्तीची वाटचाल बारकाईने पाहिली जाते. वयोमर्यादा, रक्कम आणि नियमित पदाची अट प्रत्येक आवाहनात बदलू शकते, म्हणून गेल्या वर्षीच्या पत्रकावर विसंबू नये. अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी संशोधकांनी ‘नायडा’कडे, म्हणजे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय अमली पदार्थ दुरुपयोग संस्थेकडे पाहावे; ती या विषयाची मुख्य संस्था आहे. तिथे उद्दिष्टांना एकच पान मिळते, ‘आर०१’ या मोठ्या अनुदानाच्या अर्जातील शास्त्रीय भागाला १२ आणि ‘आर२१’ या छोट्या, चाचपणीच्या अनुदानाला ६ पाने मिळतात.

राहिली दुसरी शंका : उंदरावरून माणसाच्या व्यसनाबद्दल काय सांगता येईल? तिचे उत्तर एका परिच्छेदात आणि प्रामाणिकपणे द्यावे. इंजेक्शनने निकोटीन घेणारा उंदीर व्यसनी नसतो. त्याने ते मागितलेले नसते. २००४ मध्ये बोर्दो येथील संशोधकांनी महिनोन्महिने स्वतःहून कोकेन घेणारे उंदीर अभ्यासले, तेव्हा त्यांतील सुमारे १७ टक्क्यांतच शिक्षा होऊनही पदार्थ न सोडण्यासारखी सर्व लक्षणे आढळली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर सोबत्याचा सहवास आणि पदार्थ असे दोन पर्याय दिल्यावर उंदरांनी बहुतांश वेळा सोबती निवडला. या दोन अभ्यासांचा उल्लेख अर्जाला दुबळा करत नाही. आपला प्रकल्प व्यसनाच्या कोणत्या टप्प्याबद्दल, म्हणजे इथे पौगंडावस्थेतील पहिल्या संपर्काबद्दल, बोलू शकतो आणि कोणत्या टप्प्याबद्दल गप्प राहील, हे त्यामुळे स्पष्ट होते. शिवाय प्राण्यांना एकेकटे न ठेवता जोडीने ठेवण्याचे कारणही आपोआप मिळते.

अर्ज नाकारला गेल्यास अभिप्रायातील आक्षेप तीन भागांत विभागावेत : जे प्रयोगाची मांडणी बदलून मिटतात, जे केवळ लेखनाच्या संदिग्धतेमुळे आले, आणि जे आपल्याला पटत नाहीत. पहिल्या प्रकारासाठी नवा आकडा किंवा प्राथमिक निष्कर्ष जोडावा, दुसऱ्यासाठी मूळ वाक्य बदलावे आणि कोठे बदलले ते सांगावे, तिसऱ्यासाठी नम्रपणे पण पुराव्यासह असहमती नोंदवावी. प्राण्यांची संख्या बदलली, तर सुधारित अर्ज पाठवण्यापूर्वी नैतिकता समितीकडून दुरुस्तीला मान्यता घ्यावी.