काटोलहून नागपूरला माल: कमी डिझेलात खेप कशी बसवायची

काटोल ते नागपूर साधारण 60 किलोमीटर. लिटरला 12 किलोमीटर देणारी पिकअप जाऊन-येऊन 10 लिटर डिझेल पिते. एक लिटर जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे खेपेला 27 किलो. गाडीत 12 क्विंटल माल असेल तर क्विंटलमागे 0.83 लिटर पडतं; सहाच क्विंटल असेल तर जवळपास दुप्पट. एकाच गावातून तीन छोटे हत्ती तीन-तीन क्विंटल घेऊन निघाले, तर 16 चं मायलेज धरूनही हा आकडा अडीच लिटरवर जातो. म्हणून वहीत क्विंटलमागे लागलेलं डिझेल लिहा. नुसत्या भाड्यावरून हे कळत नाही.

आदल्या संध्याकाळी सहाला यादी बंद करा. कोणाचा माल, किती क्रेट, किती वजन, कुठे उतरवायचा आणि तिथे घेणारा कोण, एवढं त्यात हवंच. रात्रीच प्रत्येक दुकानदाराला, खानावळीला फोन करा. शटर बंद सापडलं की गाडी शहरात दुसरा फेरा मारते, आणि सगळी बचत तिथेच जळते.

भरताना शेवटी उतरणारा माल आधी, आत ठेवा. हा क्रम चुकला तर दर थांब्यावर अर्धी गाडी उपसावी लागते आणि तोवर इंजिन चालूच राहतं. थांब्यावर इंजिन बंद करण्याची सवय चालकाला लावाच. संत्रा सुटा ओतू नका. तळचा दबतो, फेकला जातो आणि त्याच्यापुरतं डिझेल वाया जातं. मेथी-पालकाच्या क्रेटमध्ये बोटभर फट ठेवा, नाहीतर मधला थर तापून पिवळा पडतो. टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. मे महिन्यात धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी भरते, मायलेज घसरतं.

शहरात थांबे एकाच गोल फेरीत बसवा, शक्यतो डावीकडे वळत जाणारे. उजव्या वळणाला समोरची वाहनं निघून जाईपर्यंत ताटकळावं लागतं. प्रवेशबंदीच्या वेळा वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्या, त्या बदलतात.

अरुंद गल्ल्यांसाठी शहराच्या वेशीवर माल ई-लोडरमध्ये, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मालगाडीत, उतरवता येतो. एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते याची कंपनीने सांगितलेली रेंज 70 टक्केच धरून चाला, आणि उन्हात धावून आलेली बॅटरी सावलीत निवल्यावरच चार्जिंगला लावा. मात्र आपल्याकडची बरीच वीज कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांत कोळशावर होते. शहरातला धूर कमी होतो, पण राख इथल्याच गावांवर पडते. त्यामुळे ई-लोडरही भरूनच फिरवा.

सगळ्यात मोठी गळती परतीच्या रिकाम्या फेरीत आहे. सरकी ढेप, किराणा, खताच्या गोण्या यांची मागणी गावातून आधीच गोळा करा आणि माल जिथून उचलायचा ते दुकान शेवटच्या थांब्याजवळ निवडा. रिकामे क्रेट एकात एक घालून आणा, मोजून. फवारणीची औषधं भाजीच्या क्रेटमध्ये कधीही ठेवू नका. त्यासाठी झाकणाची वेगळी पेटी ठेवा, आणि औषध सांडलं तर तो क्रेट भाजीला पुन्हा वापरू नका.