आपला नंबर कोणत्या नावाने साठवला जाईल? व्यावसायिक भेटीत स्वतःची ओळख करून देताना

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदाराच्या मोबाइलमधील नावे पाहिली, तर त्यांत आडनावे फार थोडी सापडतात. ‘पावडर कोटिंग अंबड’, ‘क्रेनवाले भाऊ’, ‘सिन्नर पॅकिंग’, ‘जीएसटी मॅडम’ अशा नावांनी तेथे माणसे साठवलेली असतात, कारण गरज पडते तेव्हा आधी काम आठवते आणि मग ते करणारा माणूस. म्हणून व्यवसायाच्या भेटीगाठींत ओळख करून देण्याची तयारी या एका प्रश्नापासून करावी: समोरची व्यक्ती आपला नंबर कोणत्या नावाने साठवील? ते नाव आपण सुचवले नाही, तर ती व्यक्ती ‘निमा मीटिंग’ (निमा ही नाशिकच्या उद्योजकांची संघटना) असे काहीतरी लिहून ठेवते आणि महिनाभराने तो नंबर कोणाचा, हे तिलाही सांगता येत नाही.

ओळखीची सुरुवात अर्थातच नावाने होते, पण ते घाईने उच्चारून पुढे जाण्याची सवय बहुतेकांना असते. नाशिकच्या कोणत्याही उद्योजक मेळाव्यात तीन पवार आणि चार पाटील सहज निघतात. त्यामुळे स्वतःचे पहिले नाव ठळकपणे आणि सावकाश सांगावे, आडनाव त्याला जोडावे आणि क्षणभर थांबून मगच कामाकडे वळावे. त्यानंतरच्या वाक्यात काम आणि ठिकाण दोन्ही यावे. ठिकाण सांगणे अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु अंबडमधील माणसाला अंबडचाच जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्यांची कामे) करणारा हवा असतो, आणि सिन्नरच्या माळेगाव किंवा मुसळगाव वसाहतीतील कारखान्याला माल तासाभरात पोहोचेल की नाही, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

आपल्याकडे या दुसऱ्या वाक्यातच गाडी अडते, आणि त्याचे कारण बहुधा संकोच असते. ‘आपलं छोटंसं काहीतरी चालू आहे’, ‘घरचाच व्यवसाय आहे’ अशी उत्तरे विनयाने दिली जातात, आणि विचारणारा सभ्यपणे मान हलवून पुढच्या माणसाकडे वळतो. याच्या उलट टोकाला ‘आम्ही उद्योगांना संपूर्ण सोल्यूशन देतो’ असे म्हणणारे असतात; त्यातून कामाचा आवाका कळत नाही आणि शंका मात्र येते. या दोन्हींपेक्षा एखादी मर्यादित, पडताळून पाहता येईल अशी गोष्ट सांगणे केव्हाही चांगले. उदाहरणार्थ: ‘अंबडमध्ये आमचे वर्कशॉप आहे. व्हीएमसी (धातू कापून आकार देणाऱ्या संगणक-नियंत्रित) मशिनवर ॲल्युमिनियमचे सुटे भाग करतो. दहा-वीस नगांची तातडीची ऑर्डर मोठी वर्कशॉप घ्यायला तयार नसतात, ती आम्ही घेतो.’ यातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. व्हीएमसी मशिन पुष्कळांकडे असते. कमी नगांचे काम आनंदाने घेणारा मात्र क्वचित भेटतो, आणि ऐकणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ‘व्हीएमसी अर्जंट अंबड’ असे नाव पडण्याची शक्यता त्याच वाक्यामुळे निर्माण होते.

ज्यांचा माल हातात धरून दाखवता येतो, त्यांना हे तुलनेने सोपे जाते. ‘दिंडोरी आणि निफाड भागातील द्राक्षांच्या पॅकहाउसना पुठ्ठ्याच्या पेट्या पुरवतो’ एवढे म्हटले, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. सल्लागार, सॉफ्टवेअरवाले, विमा प्रतिनिधी, जाहिरातीची कामे करणारे यांना मात्र अधिक विचार करावा लागतो, कारण त्यांच्या व्यवसायाचे नाव ऐकताच समोरच्याच्या मनात आधी भेटलेल्या अनेकांची गर्दी होते. अशांनी व्यवसायाचे नाव थोडे मागे ठेवून, ग्राहक कोणत्या अडचणीत असताना आपल्याकडे येतो, ते आधी सांगावे. ‘मी करसल्लागार आहे’ याऐवजी ‘जीएसटीची नोटीस आली आणि उत्तर देण्याची मुदत जवळ आली, की लघुउद्योजक माझ्याकडे येतात, मी करसल्लागार आहे, कार्यालय कॉलेज रोडला आहे’ असे म्हटले, तर ज्याच्या टेबलावर अशी नोटीस पडलेली आहे तो लगेच कान देतो, आणि ज्याच्याकडे नाही त्यालाही अशी नोटीस आलेला कोणीतरी आठवतो.

ओळखीचा मूळ मजकूर एकच असला, तरी ऐकणाऱ्यानुसार त्यातील तपशील बदलावा लागतो. मोठ्या वाहन कारखान्याच्या परचेस विभागातील अधिकाऱ्याला क्षमता आणि प्रमाणपत्र यांत रस असतो. वाहनांच्या सुट्या भागांचे काम असेल तर आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र आहे की नाही, हे त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळले पाहिजे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स या विमाने बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित कामे करणाऱ्यांमध्ये बोलताना एएस ९१०० या विमान उद्योगाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख तेच काम करतो, आणि युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्यांच्या बैठकीत ग्लोबलगॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्राचा. हीच प्रमाणपत्रे शेजारच्या शेडमधील वर्कशॉपच्या मालकासमोर वाचून दाखवण्यात अर्थ नाही. त्याला दर, वेळ आणि पैसे किती दिवसांनी द्यावे लागतील, एवढेच जाणून घ्यायचे असते. पूर्वीची नोकरी सांगावी का, असेही काही जण विचारतात. सांगावी, पण एका वाक्यात. मायको कंपनी २००८ साली बॉश झाली, तरी नाशिककर अजून मायको सर्कलच म्हणतात आणि ‘मी मायकोत टूल रूमला होतो’ या वाक्याला सातपूरमध्ये आजही वजन आहे. त्या नोकरीच्या आठवणींत रमलो, तर मात्र आजचा व्यवसाय बाजूला राहतो.

बीएनआयसारख्या, एकमेकांना ग्राहक सुचवणाऱ्या व्यावसायिकांच्या गटांत प्रत्येक सदस्याला दर आठवड्याला मोजक्या वेळात स्वतःविषयी बोलायचे असते, आणि एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतला जातो. मराठी उद्योजकांच्या सॅटर्डे क्लबमध्येही अशी ओळख करून देण्याचे प्रसंग सतत येतात. येथे दर वेळी तीच सर्व कामे म्हणून दाखवण्यापेक्षा एका आठवड्यात एकच काम घ्यावे आणि शेवटी नेमकी मागणी करावी. ‘कोणाला गरज असेल तर नक्की कळवा’ या वाक्यावर कोणीही काही कळवत नाही, कारण त्यातून कोणाचाही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. ‘मुसळगावला नवीन शेड बांधून ज्यांचे विजेचे काम अजून व्हायचे आहे, अशा एखाद्या उद्योजकाची ओळख हवी आहे’ असे म्हटले, तर बसलेल्या लोकांपैकी कोणाला तरी आपला मेहुणा किंवा शेजारी आठवतो. पुढाऱ्यांशी असलेला परिचय मात्र ओळखीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अमुक साहेब आपल्या जवळचे’ हे ऐकून लोक हसतमुखाने हात मिळवतात आणि मनात आपला व्यवसाय कोणता, याऐवजी आपला पक्ष कोणता, याची नोंद करतात.

आपण बोलून झाल्यावर ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न बहुधा येतोच. येवला, कळवण, जळगाव किंवा धुळे असे थोडक्यात उत्तर द्यावे. गाव जुळले तर संभाषण मोकळे होते, नाही जुळले तर लगेच समोरच्याला त्याच्या कामाविषयी विचारावे. व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना ‘मिस्टर काय करतात?’ हा आणखी एक प्रश्न विचारला जातो. त्यावर रागावण्याची गरज नाही आणि सविस्तर उत्तर देण्याचीही नाही. ‘ते नोकरीत आहेत, हा व्यवसाय मी सांभाळते, दर आणि ऑर्डर माझ्याशीच बोलावी लागेल’ एवढे सौम्यपणे सांगितले, की व्यवहार कोणाशी करायचा याचा गोंधळ तेथेच संपतो.

भेट संपताना व्हिजिटिंग कार्ड द्यावे, पण त्यावर विसंबू नये. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक निरोप पाठवावा, आणि समोरच्याने तो नंबर साठवताना जे नाव लिहावे असे आपल्याला वाटते, त्याच नावाने त्याची सुरुवात करावी: ‘व्हीएमसी जॉबवर्क, अंबड. आज सातपूरच्या बैठकीत आपण ॲल्युमिनियमच्या फिक्श्चरविषयी बोललो होतो.’ बोलणे कशाविषयी झाले, याचा उल्लेख असल्याशिवाय निरोप पाठवू नये. चाळीस पानांचा कॅटलॉग मागितल्याशिवाय धाडू नये, आणि सकाळच्या शुभेच्छांची चित्रे तर मुळीच नकोत. ती आली, की चांगला ग्राहकही आपला नंबर म्यूट करतो. उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, मात्र समोरच्याच्या कामाचे वेळापत्रक पाहून. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गडबडीत असलेला कारखानदार फोन उचलत नाही, तोच पुढच्या महिन्याच्या पाच-सहा तारखेला निवांत बोलतो. द्राक्षाच्या व्यवसायातील माणसाला ऐन हंगामात, फेब्रुवारीत पाठवलेल्या निरोपाचे उत्तर मे महिन्यात आले, तरी त्यात वावगे मानू नये.