आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत कोणासोबत कोण: मराठवाड्यातल्या पाण्यासाठी मार्गदर्शन

ज्या बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, त्या जड पाण्यात निऑन टेट्रा किंवा डिस्कस हे शोभेचे मासे टिकवणं फार अवघड जातं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड कुळातले मासे मात्र अशा पाण्यात मजेत वाढतात, कारण त्यांच्या सरोवराचं पाणीच अल्कधर्मी आहे, पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारं माप) साधारण ७.७ ते ८.६. मराठवाड्यात मासे पाळायचे असतील तर माझी पहिली शिफारस यांचीच असते. अडचण असते ती त्यांच्या स्वभावाची. दुकानात रंग बघून सहा जातींचे सहा मासे आणले, तर थोड्याच महिन्यांत एक मासा सगळ्या टाकीचा मालक होतो आणि बाकीचे फाटक्या शेपटीनं कोपऱ्यात बसतात.

आधी पाणी तपासा

थेंबांचं टेस्ट किट आणून पीएच आणि नायट्रेट बघा. शेताजवळच्या बोअरमध्ये खतांमुळे नायट्रेट मुळातच जास्त असू शकतं. तसं असेल, किंवा पाणी चवीला चक्क खारट असेल, तर नळाचं पाणी मिसळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढून टाकायला विसरू नका. फिल्टर चालू करून टाकी चार ते सहा आठवडे मुरू द्या. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. जास्त पीएचच्या पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून इथे घाई महागात पडते.

एक सरोवर, एक आहार

आफ्रिकन सिक्लिड म्हणून विकले जाणारे मासे मुख्यतः मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतले असतात. त्यांतलं एकच निवडा. सुरुवातीला मलावीच घ्या. फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर हेही सिक्लिडच, पण त्यांचं मूळ अमेरिका खंडात. त्यांना या टाकीत जागा नाही. गोल्डफिश आणि गप्पींनाही नाही.

मलावीतही दोन मोठे गट आहेत आणि निवड खरी ठरते ती इथेच. म्बुना खडकांत राहतात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात आणि जागेसाठी भांडतात. पीकॉक वाळूवर फिरतात, वाळूतले बारीक किडे टिपतात आणि त्या मानानं शांत असतात. दोघांना एकत्र ठेवलं की मार खातो पीकॉक. शिवाय पीकॉकसाठी टाकलेलं मांसाहारी खाणं म्बुनाला बाधतं. त्यांचं आतडं शेवाळाच्या आहारासाठी लांब असतं. ट्युबिफेक्स किड्यांसारख्या जड खाण्यानं पोट फुगतं, मासा खाणं सोडतो आणि बहुतेक वेळा वाचत नाही. म्बुनांना स्पिरुलिनाचे (एक प्रकारचं शेवाळ) दाणे द्या, तेही थोडे थोडे.

चार फुटी टाकीची यादी

४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत काठोकाठ अडीचशे लिटर पाणी मावतं. वाळू आणि दगड गेल्यावर त्याहून कमी. एवढ्या जागेत यलो लॅब, रस्टी आणि आसेई या तीन जाती, प्रत्येकी सहा. रंग वेगळे, तिघेही म्बुनांमध्ये सौम्य, आणि आसेई वरच्या थरात पोहत असल्यामुळे तळाशी गर्दी होत नाही. एका नरामागे तीन तरी माद्या हव्यात, म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही. पिल्लं असताना नर-मादी ओळखता येत नाही. म्हणून चार-पाच सेंटिमीटरची पिल्लं एकाच वेळी आणा आणि मोठी झाल्यावर जादा नर काढा.

ऑराटस आणि केनयी या म्बुना जाती घेऊ नका. पिल्लं देखणी दिसतात, स्वस्तही मिळतात, पण मोठे नर चार फुटांत कोणालाच जगू देत नाहीत. व्हेनुस्टस वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि लहान मासे गिळतो. यलो लॅबसोबत रेड झेब्रा ठेवला तर दोघांचा संकर होतो. तळ साफ करणारा मासा हवाच असेल तर सिनोडोंटिस घ्या. ‘असॉर्टेड’ अशी पाटी लावलेल्या टाकीतून खरेदी नको. त्यात बहुतेक संकरित मासे असतात आणि त्यांच्या स्वभावाचा अंदाज येत नाही.

दगडांची मांडणी

सजावटीवर खर्च करायची गरज नाही. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्याला काही करत नाही. शहाबादी फरशीचे तुकडे तर याहून उत्तम, कारण तो चुनखडक आहे आणि पीएच टिकवायला मदत करतो. तुकडे घासून, स्वच्छ धुऊन, मध्ये फटी ठेवून काचेच्या तळावर थेट रचा आणि वाळू नंतर टाका. म्बुना वाळू उकरतात. वाळूवर रचलेली चवड खचली तर काच फुटते. माशांपेक्षा दगडांतल्या फटींची दारं जास्त असली पाहिजेत, म्हणजे पळणाऱ्याला दुसरीकडून बाहेर पडता येतं.

उन्हाळा आणि पाणीटंचाई

या माशांना २४ ते २७ अंश मानवतात. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात टाकीचं पाणी सहज तिशी ओलांडतं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून पृष्ठभागावर पंखा सोडा, खाणं निम्मं करा आणि वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअर पंप घरात ठेवा. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी भरू नका, पहाटेचं वापरा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागतं, साठ-पासष्ट लिटर. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या घरात त्यासाठी वेगळा ड्रम ठेवणं जमणार असेल तरच चार फुटी टाकी घ्या. काढलेलं पाणी कुंड्यांना, झाडांना घाला. त्यातलं नायट्रेट झाडांना खतासारखं लागतं.

कोणी दादागिरी करू लागला तर

त्याला जाळीनं काढून आठवडाभर दुसऱ्या टाकीत ठेवा. तेवढ्यात मुख्य टाकीतले दगड हलवून नव्यानं रचा. परत सोडल्यावर जुनी हद्द त्याला सापडत नाही आणि बहुतेक नर नरमतात. नवा मासा आणतानाही हेच करा, आणि दिवे बंद करून सोडा. एवढं करूनही मारामारी थांबली नाही, तर तो नर दुकानदाराला परत द्या.