थिअरी ऑफ चेंज लिहिताना या चुका टाळा: चौकटी भरलेल्या, बाण कोरे

थिअरी ऑफ चेंज म्हणजे आपल्या कामातून हवा तो बदल कसा घडेल, याची चौकटी आणि बाणांनी मांडलेली साखळी. बऱ्याच सामाजिक संस्थांमध्ये ती लिहिली जाते ती फंडरच्या, म्हणजे निधी देणाऱ्याच्या, फॉर्ममध्ये तसा रकाना असतो म्हणून. प्रशिक्षणं, मेळावे, घरभेटी सगळं आधीच ठरलेलं असतं. त्यापुढे ‘कुपोषणमुक्त गाव’ अशी चौकट काढायची आणि मध्ये बाण ओढायचे. खरं तर उलटं यायला हवं. कोणाच्या आयुष्यात नेमका कोणता बदल दिसायला हवा, त्याआधी काय घडायला हवं, आणि त्याच्याही आधी काय? असं मागे मागे येताना आपला एखादा लाडका उपक्रम गळून पडतो. पडू द्या.

सगळ्यात महागात पडते ती बाण कोरे ठेवण्याची चूक. बांगलादेशात 1995 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक पोषण प्रकल्प सुरू झाला. तमिळनाडूत 1980 पासून चाललेल्या तशाच प्रकल्पाचा नमुना समोर होता. मुलांची नियमित वजनं घ्यायची, कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना पूरक आहार द्यायचा, आयांना समुपदेशन करायचं. आईला कळलं की ताट बदलेल आणि ताट बदललं की मूल सुधारेल, अशी ती साखळी. बँकेच्याच मूल्यमापन विभागाने 2005 च्या अहवालात तिची एकेक कडी तपासली. परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. आयांना सांगितलेलं कळलं होतं, पण बाजारहाट पुरुष करायचे आणि एकत्र कुटुंबात स्वयंपाकघराची सत्ता सासूकडे. समुपदेशनाला बसायची सून! शिवाय कळलेलं करायला वेळ आणि पैसा लागतो. तो अनेकींकडे नव्हता.

म्हणजे एकाच बाणात दोन गृहीतकं दडली होती: निर्णय आईचा आहे आणि तिची ऐपत आहे. ती कागदावर उतरली असती, तर गावातल्या कुठल्याही सुनेने ऐकताक्षणी नकारार्थी मान हलवली असती. म्हणून प्रत्येक बाणाशेजारी लिहा, हे घडेल असं आपण कशावरून धरून चाललोय आणि ते घडवणं कोणाच्या हातात आहे. हा कागद घरभेटी देणाऱ्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवा. सल्लागाराच्या दिवसभराच्या कार्यशाळेत निघणार नाहीत अशा चुका या कार्यकर्त्या तासाभरात काढतात.

दुसरी चूक म्हणजे पहिली आणि शेवटची चौकट मोजायची, मधलं सोडून द्यायचं. महाराष्ट्रात 2016 ला ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं आणि पावसाने ओढ दिली की ते पिकाला द्यायचं, हा त्यामागचा विचार. अनेक ठिकाणी मात्र तळ्यात प्लास्टिक अंथरून विहिरी-बोअरचं पाणी उपसून साठवलं गेलं. बागायतदाराच्या दृष्टीने यात शहाणपणच आहे, पण शेजाऱ्याच्या विहिरीचं काय? शिवाय भूजल वर काढून उन्हात ठेवलं की त्यातलं काही उडून जाणारच. इथे तळ्यांची संख्या कितीही वाढली तरी मूळ हेतूबद्दल ती काहीच सांगत नाही. तळं कोणत्या पाण्याने भरतंय, हा निर्देशक हवा.

आता काम चालू आहे आणि आकडा हलत नाही, अशी वेळ आली तर? लगेच कार्यकर्त्यांवर खापर फोडू नका आणि योजनाच फसली असंही म्हणू नका. आधी वस्तू किंवा सेवा पोहोचली का ते पाहा. पोहोचली असेल तर लोक ती वापरतात का, आणि वापरत असतील तरी फरक का पडत नाही, हे विचारा. पहिल्या ठिकाणी अडलं तर दोष व्यवस्थापनात शोधा. दुसऱ्या ठिकाणी लोकांबद्दलचं गृहीतक चुकलेलं असतं. खरोखर वापरूनही फरक नसेल, तरच मूळ सिद्धांताला हात घाला.

आकडा हलला तरी हुरळून जाऊ नका. तो आपल्या कामाशिवायही हलला असता का, हे पाहायला तुलनेची गावं लागतात. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला, तेव्हा 47 गावं तुलनेसाठी ठेवली होती.

मोजायचं कधी, हेही आधीच ठरवा. ओडिशातल्या सुधारित चुलींच्या प्रसिद्ध अभ्यासात पहिल्या वर्षी धूर श्वासात जाण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. पुढे चुलींची देखभाल होईना, वापर घटला आणि तो फरक पुसला गेला. मापन वर्षभरात गुंडाळलं असतं, तर यशाचा अहवाल निघाला असता. म्हणून तीन-चार वर्षांनंतरच्या पाहणीचा खर्च पहिल्याच बजेटमध्ये धरा. नंतर त्यासाठी सहसा कोणी पैसे देत नाही.