गॅम्बिट खेळून ऑनलाइन डाव हरताय? या चुका टाळा

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला आणि तेव्हापासून फोंड्यात आमच्या वाड्यावरची मुले मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव रंगवू लागली. याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र एंग्लुंड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे हल्ल्याची संधी मिळावी म्हणून सुरुवातीलाच प्यादे सोडणे) खेळून ती ज्या पद्धतीने हरतात, त्याच पद्धतीने मीही हरलो आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रतिस्पर्धी चुकेलच असे गृहीत धरणे. पांढऱ्याच्या डी४ ला (अक्षर आणि आकडा म्हणजे पटावरच्या घराचे नाव) काळा ई५ ने उत्तर देऊन प्यादे सोडतो, मग वजीर ई७ वरून बी४ वर येऊन शह देतो आणि बी२ चे प्यादे मारतो. येथे पांढऱ्याने उंट सी३ वर नेला, तर आठव्या खेळीला सी१ वर मात होते. पण त्याने उंटाऐवजी घोडा सी३ वर आणला, तर सापळा तेथेच संपतो. माझ्या डावात नेमके हेच घडले. मी उंट बी४ वर नेला, त्याने हत्ती बी१ वर आणला, माझा वजीर ए३ वर गेला, आणि हत्ती बी३ वर येताच तो ए५ वर पळाला. आठपैकी पाच खेळ्या एकट्या वजिराच्या झाल्या होत्या! प्यादी समसमान असल्यामुळे आपले काही बिघडले नाही असे वाटत राहते. पण पांढऱ्याचे दोन्ही घोडे, उंट आणि हत्ती बाहेर आलेले असतात आणि आपला राजा मधल्या पट्टीतच अडकलेला असतो.

सापळा फसल्यावरही हल्ला रेटत राहणे ही दुसरी चूक. अशा वेळी उरलेले मोहरे बाहेर काढून किल्लेकोट करण्याकडे, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याकडे, लक्ष द्यावे. ज्यांना गॅम्बिटच खेळायचा आहे, त्यांनी इव्हान्स गॅम्बिट शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पांढऱ्याने खेळायचा असतो; त्यात पांढऱ्याचे बी४ चे प्यादे काळ्याने उंटाने मारले की सी३ खेळून त्याच उंटावर चाल करता येते व डी४ ची तयारीही होते, म्हणजे प्याद्याच्या बदल्यात वेळ, म्हणजे एक जादा चाल, खरोखर पदरात पडतो. जर्मन बुद्धिबळपटू अँडरसनने १८५२ मध्ये बर्लिनमध्ये जिंकलेला प्रसिद्ध ‘सदाबहार’ डाव याच गॅम्बिटचा आहे.

हरल्यावर लगेच दुसरा डाव मांडू नये, आणि संगणकाचे विश्लेषणही लगेच उघडू नये. आधी प्रत्येक खेळीला लागलेला वेळ पाहावा, कारण पाठांतर जेथे संपले तेथे घड्याळ थबकलेले दिसते आणि अभ्यास तेथूनच सुरू करायचा असतो. माझ्या पहिल्या पाच खेळ्या दहा सेकंदांत झाल्या होत्या. सहाव्या खेळीवर पन्नास सेकंद गेले होते.