डीबीएस किंवा ट्रायलच्या सेंटरला जायच्या आधी घरी काय तयारी करायची

पार्किन्सनला काही वर्षं झाली की बहुतेक घरांत एकच गोष्ट सुरू होते, सिंडोपाची (म्हणजे लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाची) गोळी आधी चार तास पुरायची ती आता अडीच तासच पुरते, मधल्या वेळात आई किंवा बाबा खुर्चीतून उठूच शकत नाहीत, आणि मग नात्यातलं कुणीतरी सांगतं की डोक्यात मशीन बसवून घ्या (हेच डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन), नाहीतर अमुक हॉस्पिटलात नव्या उपचाराची ट्रायल चालू आहे तिथे नाव द्या. माझ्या आईसाठी मी या सगळ्यातून गेलेय म्हणून सांगते, अपॉइंटमेंट मिळणं त्यातल्या त्यात सोपं आहे, खरं काम त्याआधी घरी करायचं असतं आणि ते घरच्यांशिवाय कुणीच करू शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाची डायरी. साधी वही घ्या, दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडा आणि प्रत्येक रकान्यात पाचपैकी एक गोष्ट लिहा: झोप, ऑफ म्हणजे जाम झालेले, ऑन म्हणजे नीट चालताफिरताहेत, ऑन पण अंग थोडं वळवळतंय आणि त्रास नाही, आणि ऑन पण वळवळ इतकी की जेवता येत नाही. सोबत गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ. जेवण का, तर लेव्होडोपा आतड्यातून रक्तात जाताना प्रोटीनशी त्याची स्पर्धा होते, त्यामुळे पनीर किंवा भरपूर डाळ खाल्ल्यावर घेतलेली गोळी बऱ्याच जणांना लागूच पडत नाही आणि आपल्याला वाटतं आजार वाढला. कमीत कमी तीन दिवस सलग लिहा, आठवडा झाला तर उत्तम. पेशंटला स्वतःला लिहू द्या, हात चालत नसेल तर त्यांना विचारून तुम्ही लिहा, पण अंदाजाने संध्याकाळी बसून दिवसभराचं भरू नका. डॉक्टर ढोबळमानाने 5-2-1 असा हिशोब बघतात, दिवसाला 5 किंवा जास्त वेळा लेव्होडोपा, 2 तास किंवा जास्त ऑफ, 1 तास किंवा जास्त त्रासदायक वळवळ, यातलं एक जरी असेल तरी पुढच्या उपचारांचा विचार करायचा. हे आकडे तुमच्या वहीतूनच निघणार, दहा मिनिटांच्या ओपीडीत कुणाला ते दिसत नाहीत.

दुसरं, मोबाइलवर व्हिडिओ काढा. सकाळी पहिली गोळी घ्यायच्या आधीचा एक, खुर्चीतून उठणं, चालणं, वळणं, दारातून जाताना पाय चिकटतात ते सगळं, आणि गोळी लागल्यावर तेच परत. हॉस्पिटलात पोचेपर्यंत पेशंट छान ऑन असतात आणि डॉक्टरांपुढे टुणटुणीत चालून दाखवतात, हे घरोघरी होतं.

तिसरी गोष्ट मी हात जोडून सांगते, खाजकुयलीचं चूर्ण किंवा दुसरं कुठलंही आयुर्वेदिक चालू असेल तर लपवू नका. खाजकुयलीच्या बियांमध्ये खरंखुरं लेव्होडोपा असतं, म्हणजे तुमचा पेशंट कागदावर आहे त्यापेक्षा जास्त डोस घेतोय. ट्रायलमध्ये तर असं लपवलं की त्यांचा हिशोब चुकतो आणि तुमच्याच माणसाला धोका होतो.

आता डीबीएसबद्दल थोडं, कारण अपेक्षा नीट नसल्या की नंतर फार वाईट वाटतं. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिद नावाच्या सर्जननी हे आधुनिक स्वरूपात सुरू केलं, अमेरिकेत 1997 मध्ये कंपासाठी आणि 2002 मध्ये पार्किन्सनसाठी मान्यता मिळाली, म्हणजे पार्किन्सनसाठी हा आता प्रयोग राहिलेला नाही, नेहमीचा उपचार आहे. मेंदूत खोलवर बारीक तारा, गळ्याच्या हाडाखाली छातीत बॅटरी, आणि सेकंदाला साधारण 130 वेळा करंटचे ठोके. नियम लक्षात ठेवा: गोळीने जे सुधारतं तेच बहुतेक डीबीएसने सुधारतं, फक्त कंप हा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी कमी होऊ शकतो. ऑन असतानाही तोल जात असेल, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं असेल, विसरायला होत असेल तर त्याला मशीनचा उपयोग नाही, बोलणं कधी कधी आणखी बिघडतं. म्हणूनच सेंटरला आधी चाचणी करतात, रात्रीपासून साधारण 12 तास गोळी बंद, सकाळी तपासून मार्क, मग गोळी देऊन परत मार्क, 30 टक्के किंवा जास्त फरक पडला तर पुढे जायचं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका साधारण शंभरात एक-दोन जणांना असतो, इन्फेक्शनचा वेगळा, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या, घाबरायचं म्हणून नाही पण घरातल्या सगळ्यांना माहीत असावं म्हणून.

या चाचणीच्या दिवशी लोकलचा विचारही करू नका. परळला केईएम असो, माहीमला हिंदुजा असो की पेडर रोडला जसलोक, गोळी न घेतलेला पार्किन्सनचा पेशंट कल्याण-विरारहून दिव्यांगांच्या डब्यातूनसुद्धा आणणं फार अवघड आहे. आदल्या रात्री ॲडमिट करून घेतात का विचारा, नाहीतर जवळ कुणाकडे तरी मुक्काम करा आणि सकाळी टॅक्सी.

खर्च लाखांत जातो, आणि साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, चार्जिंगची महाग पण बरीच वर्षं टिकते. धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, पण मशीनची किंमत त्यात धरतात का हे तिथल्या सोशल वर्करला पहिल्याच दिवशी विचारा. सिद्धिविनायक ट्रस्ट आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

ट्रायलचं प्रकरण मात्र पूर्ण वेगळं आहे आणि इथे बऱ्याच घरांत गोंधळ होतो. उपचारात डॉक्टर तुमच्या माणसाला काय बरं ते ठरवतात, ट्रायलमध्ये कुणाला काय मिळणार ते आधीच लिहिलेल्या नियमाने ठरतं, आणि कदाचित तुमच्या वाट्याला खोटी गोळी किंवा बंद ठेवलेलं मशीन येईल. डिप्रेशनसाठी डीबीएसची ब्रॉडन म्हणून अमेरिकेत ट्रायल झाली, त्यात मशीन सगळ्यांना बसवलं पण पहिले 6 महिने काही जणांचं बंदच ठेवलं होतं, पुढे फायदा दिसेना म्हणून ती मधेच थांबवली. हे ऐकून राग येतो, पण कारण खरं आहे, पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामाइन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, वाढतं, 2001 मध्ये पेट स्कॅन करून हे दाखवलेलं आहे, मग तुलना केल्याशिवाय कळणार कसं.

म्हणून सही करायच्या आधी दोन कामं करा. एक, सीटीआरआय म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीच्या साइटवर ती ट्रायल शोधा, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे, तिथे कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, भरती चालू आहे की बंद, कुणाला घेतात कुणाला नाही, सगळं फुकट वाचता येतं. ट्रायलचा नोंदणी नंबरच सापडत नसेल तर तिथेच थांबा. दोन, माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी घेऊन या, आज सही झालीच पाहिजे असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. घरी मोठ्याने वाचा, पेशंटला ऐकू द्या, कारण सही त्यांची आहे, तुमची नाही.

मग परत जाऊन विचारा: सध्याची औषधं बंद करणार का, किती खेपा आणि येण्याजाण्याचे पैसे कोण देणार, त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा. 2019 च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळायला हवी, आणि कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. मशीनची ट्रायल असेल तर सगळ्यात मोठा प्रश्न हा, की ट्रायल संपल्यावर बॅटरी कोण बदलणार आणि मशीन काढायचं झालं तर खर्च कुणाचा. हे उत्तर लेखी घ्या.

डीबीएस झालंच तर पहिल्या काही दिवसांत मशीन चालू न करताही एकदम बरं वाटतं आणि मग ते ओसरतं, घरचे घाबरतात, पण तार घालताना तिथे थोडी सूज येते त्याचा तो परिणाम असतो. खरं सेटिंग काही आठवड्यांनी सुरू होतं आणि नीट बसायला महिने लागतात. या काळात एकटं वाटतं, तेव्हा पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या सपोर्ट ग्रुपला जा, ही संस्था मुंबईत 2001 पासून आहे आणि तिथे तुमच्या आधी यातून गेलेले लोक भेटतात.

मशीनचं कार्ड कायम पाकिटात, एमआरआय काढायच्या आधी ते दाखवायचंच. आणि गुडघा दुखतो म्हणून गल्लीतल्या फिजिओकडे गेलात तर डायथर्मीचं, म्हणजे आत खोलवर शेक देणारं, मशीन अजिबात लावू द्यायचं नाही, शरीरावर कुठेही नाही, त्याची ऊर्जा तारांवाटे मेंदूपर्यंत जाऊन जीवावर बेतू शकतं, हे पेशंटच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.