सोबत आलेली झेडलिब बिल्डआधीच बाजूला काढा
अनेक मुक्तस्रोत प्रकल्प आपल्या सोर्समध्येच झेडलिब या डेटा संकुचित करणाऱ्या लायब्ररीची प्रत ठेवतात. ती जुनी राहिली, तर मार्च 2022 मध्ये 1.2.12 या आवृत्तीत दुरुस्त झालेला मेमरीचा दोष, सिस्टिमवरील झेडलिब अद्ययावत असूनही, तुमच्या बायनरीत (सोर्समधून बिल्ड करून तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये) टिकून राहू शकतो. सिस्टिमची लायब्ररी वापरण्याचा पर्याय कॉन्फिगर करताना द्यावाच, पण केवळ त्यावर विसंबू नये, कारण सिस्टिमवरील झेडलिबची हेडर फाइल (बिल्डला लागणारी तिच्या फंक्शनांची यादी) सापडली नाही की काही बिल्ड स्क्रिप्ट गुपचूप सोबतच्या प्रतीकडे वळतात. त्यापेक्षा सोबतच्या प्रतीची डिरेक्टरीच आधी हलवावी, म्हणजे बिल्ड अडेल आणि उणीव तिथल्या तिथे कळेल. असे अडणे परवडते. लिनक्सवर बिल्डनंतर एलडीडीच्या (बायनरी कोणत्या सामायिक लायब्ररी वापरते ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीत लिबझेड, म्हणजे सिस्टिमची झेडलिब, दिसते का, तेही पाहावे. प्रकल्पाने त्या प्रतीत स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) घातले असतील, तर मात्र आधी ते तपासावेत.